पूर्ण नाव

जळगावच्या कॉलेजात पहिले पाच महिने मला आडनाव नव्हतं. हजेरी नंबरावर व्हायची, आणि कुणी विचारलंच तर मी पहिलं नाव सांगून लगेच ‘धुळ्याची’ असं जोडायचे. शाळेत माझं आडनाव कळल्यावर डबा खाणाऱ्या घोळक्यानं, एक शब्द न बोलता, जागा बदलली होती. आम्ही बौद्ध. तेव्हापासून मी कमी बोलायला शिकले. कॉलेजात त्याला शिष्टपणा म्हणत. आईला मात्र फोनवर सगळं ठीक असल्याचं आमच्या अहिराणीत सांगायचे, “बठ्ठं बराबर शे.”

असोद्याहून रोज बसनं येणारी, केळीच्या बागा असलेल्या घरातली एक मुलगी तेवढी माझ्या बाकावर बसायची. दिवसभरात सुचलेलं मी तिच्यासाठी साठवून ठेवायचे. एकदा भाकरी मोडता मोडता तिनं विचारलं, “आडनाव काय गं तुझं?”

“देवपूरला राहतो आम्ही, धुळ्यात.”

“देवपूर आडनाव?” ती हसली. मीही हसले, जरा जास्तच.

मग मराठी विभागानं चर्चासत्र घेतलं : ‘कुमारवयाच्या कादंबरीतील एकाकीपण’. सभागृह खच्चून भरलं, कारण हजेरी सक्तीची होती. एकाकीपणावर बोलायला मंचावर इतके मान्यवर होते, की एकाला तिरकं बसावं लागलं. विद्यार्थ्यांतर्फे निबंध माझा होता. निवेदन करणाऱ्या सरांना मी आदल्या दिवशीच विनवलं होतं, “सर, नुसतं नाव घ्या ना.”

“छे, छे! पूर्ण नाव. अहवालात जातं.”

त्यांनी ते वडिलांच्या नावासकट घेतलं, दोनदा. पहिल्यांदा माइक बंद होता. मी काय वाचलं ते आठवत नाही. कागदावरून डोळे वर करायचे नाहीत, एवढंच ठरवलं होतं.

परतले तर माझ्या खुर्चीवर त्या असोद्याच्या मुलीची बॅग. जागा धरायला ठेवली होती, की अडवायला? मी उभीच राहिले.

“ए, बस की खाली! पाहुणे दिसत नाहीत,” मागून कुणीतरी ओरडलं.

“बरंच आहे की,” दुसरा म्हणाला.

तिनं बॅग मांडीवर घेतली. मी बसले. माणसानं माणसाशी बोललं पाहिजे, असं प्रमुख पाहुणे पाऊण तास सांगत होते.

शेवटी ती पुटपुटली, “मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कशाला?”

ती मंचाकडे बघत राहिली. “सगळेच विचारतात.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

तिचे कान लाल झाले. बॅगेचा बंद तिनं घट्ट धरला होता. आता उठून जाईल असं वाटलं. आभारप्रदर्शन संपल्यावर ती खरंच उठली. दोन पावलं गेली आणि वळली.

“दीडची बस आहे माझी. स्टँडपर्यंत येतेस? मला राग आलाय तुझा, आणि तो इथे बोलता येत नाही.”

मी गेले. स्टँड येईपर्यंत आम्ही भांडलो. दीडची बस आमच्यासमोरून निघून गेली, तेव्हा ती मला खोटारडी म्हणत होती.