परब मास्तरांनी वाचवलेली शाळा

सरकारी फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. किश्शांना तसा नियम नाही. गोव्यातल्या डिचोलीच्या शिक्षण कार्यालयातून कारकून म्हणून मी निवृत्त झालो, त्यालाही आता खूप वर्षं झाली. फायलींची केव्हाच राख झाली असेल. पण महिन्याच्या मीटिंगला येणारे मुख्याध्यापक अजून माझ्याकडे मुक्कामाला आहेत. त्यात सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेत ते परब मास्तर.

नार्व्याच्या पलीकडे नदीकाठी त्यांची सरकारी मराठी प्राथमिक शाळा. मुलं दर जूनला कमी व्हायची. शाळा बंद होणार ही धास्ती घेऊनच मास्तर ऑफिसची पायरी चढत. "माझ्या डोळ्यांदेखत गावातली मराठी मरता कामा नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून आम्हाला ते हजेरीसारखं वाटायचं.

* * *

राजभाषेचा वाद पेटला होता तेव्हाची गोष्ट. मास्तर मराठीवाले, साखळीकडच्या कामत बाई कोंकणीवाल्या. मीटिंगमध्ये दोघांची जुंपली.

बाई कोंकणीची बाजू मांडायला उठल्या आणि शुद्ध, खणखणीत मराठीत बोलल्या. भाषण मराठीतच करायचं, ही जन्माची सवय! मास्तर असे खवळले की त्यांची मराठी पार सुटली.

"बाई, तुमी माका शिकयनाकात. म्हजें आयुश्य गेलां हातूंत."

चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थांबला. म्हणाला, "दोगांयनी जागे बदलात. मागीर झगडें तरी सारकें जातलें."

* * *

पुढे गोवा राज्य झालं. नवे अधिकारी आले. मुलाचं पहिलं शिक्षण मातृभाषेतूनच का व्हावं, यावर ते पाऊण तास बोलले. छान बोलले. परब मास्तरांचे डोळे भरून आले.

भाषण संपलं तसं साहेबांनी पेढे वाटले. त्यांच्या मुलीला पणजीच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळाला होता.

आम्ही सगळ्यांनी खाल्ले. पेढे चांगले होते.

* * *

मे महिन्यात मास्तर घरोघर फिरत. गावात एक ट्रकमालक होता, मास्तरांचाच जुना विद्यार्थी. त्याने धाकट्याला शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलं होतं. मास्तर त्याच्या सोप्यावर जाऊन बसले.

"मास्तर, मराठीविशीं आदर आसा म्हाका," तो म्हणाला. "म्हजो बापूय कीर्तनां करतालो. पूण तुमच्या शाळेक बस खंय आसा?"

"बस कित्याक रे? तुज्या जनेलांतल्यान शाळा दिसता." मास्तरांनी खिडकीकडे बोट केलं.

"तेंच सांगतां न्हय, मास्तर. पोर चलत शाळेक गेल्यार लोक कितें म्हणटले?"

* * *

शेवटी विलीनीकरणाचा कागद आला. मुलं वाढवा, नाहीतर शाळा शेजारच्या गावात. मास्तर त्याच संध्याकाळी धक्क्यावरच्या झोपड्यांत गेले. तिथे बार्जीत, म्हणजे मालवाहू बोटीत, खनिज भरणारी लमाणी कुटुंबं राहत. विजापूरकडून आलेली. मास्तरांनी त्यांची सगळी पोरं शाळेत आणून बसवली. गावातल्या लोकांनी नाकं मुरडली. पण त्यांची स्वतःची मुलं बसने जात असल्यामुळे त्यांना फार बोलता येईना.

शाळेत मराठीशिवाय शब्द काढायचा नाही, हा मास्तरांचा कडक नियम. वर्षभरात पोरं मराठीत भांडू लागली.

साहेब तपासणीला आले, फाईल घेऊन मीही सोबत होतो. पहिल्या बाकावरच्या लमाणी पोराला, रमेशला, त्यांनी विचारलं, "बाळ, तुझी मातृभाषा कोणती?"

रमेशने आधी मास्तरांकडे पाहिलं. "मराठी."

साहेब खूश झाले. शाळा वाचली. मास्तरांनी मान खाली घातली. संकोचाने असावी, असं तेव्हा आम्हाला वाटलं.

* * *

हा शेवटचा किस्सा मास्तरांनीच सांगितला, त्यांच्या अखेरच्या मीटिंगनंतर, बसस्टँडवर. सांगताना हसले नाहीत.

रमेशची आई शांतीबाई एकदा शाळेत आली. नवरा मुरगाव बंदरात कामाला, महिन्याने कधीतरी यायचा. गावाकडून तिची म्हातारी सासू आली होती, कायमची. तिला लमाणीशिवाय काही येत नव्हतं. रमेशची लमाणी सुटत चालली होती; म्हातारी बोलायला लागली की तो दाराआड जाऊन उभा राहायचा.

"मास्तर, ह्याला थोडी आमची भाषा पण शिकवा," शांतीबाई म्हणाली.

"ती घरात शिकवायची असते, बाई."

"घरात कोण शिकवणार? म्हातारी बोलली की हा पळतोय. मी दिवसभर बार्जीवर. पोरगा तुमच्याकडं."

"पण मला तुमची भाषा येत नाही."

"त्याला तरी तुमची कुठं येत होती?"

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी निरोप पाठवला, सासूला शाळेत पाठवा. दुपारनंतर म्हातारी मुलांत बसू लागली. तिने लमाणीत गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, मुलांनी ऐकायचं. आपला नियम मास्तरांनी आपणच मोडला. पोरं आधी हसली, मग तिच्याभोवती गोळा झाली. खिडकीजवळची जागा तिचीच झाली. सुट्टीच्या दिवशीही ती शाळेपर्यंत येऊन बंद दार बघून जायची.

दिवाळीनंतर शांतीबाई तिला न्यायला आली. आत पोरं दंगा करत होती, आणि म्हातारी हात उगारून त्यांच्यावर ओरडत होती, "गप्प बसा रे! मास्तर आले बघा!"

स्वच्छ मराठीत.

शांतीबाई दारातच उभी राहिली. मग मास्तरांना म्हणाली, "एक पोरगा परत मागायला आले होते, मास्तर. तुम्ही सासू पण ठेवून घेतली."