वाळू पडेपर्यंत लांब

साइटवर धाकू परबला चहा कुणी विचारत नाही. कंत्राटदाराची माणसं म्हणतात, हा नापास करतो. वस्ती म्हणते, हा कंत्राटदाराच्या गाडीतून येतो. दोन्ही खरं आहे.

रोलर फिरून रस्त्याची माती दबली की धाकू त्यात वीतभर खड्डा खणतो. निघालेली माती कणभर न सांडता वजनाला. मग खड्ड्यावर पत्र्याचा नळा ठेवून कोरडी वाळू सोडायची. वाळू किती मावली त्यावरून खड्डा केवढा ते कळतं, मातीतली ओल वेगळी मोजून वजा केली की माती किती घट्ट ते. सत्त्याण्णव टक्के हवेत. सव्वीस वर्षं हेच. इंजिनियर नाही तो. गिरणी बंद पडून घरी बसलेल्या बापाचा पोरगा, लॅबच्या साहेबाचं सामान उचलता उचलता शिकला. बायको शेवंती तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी अस्मिता मुलुंडला असते, रविवारी फोन करते.

आमच्या घाटकोपरच्या टेकडीखालचा रस्ता मागे खचला आणि गटार घरात शिरलं. म्हणून या वेळी चाचणीला आम्ही वीसेक जण छातीवर उभे. कंत्राटदाराचा सुपरवायझर देवेश चुन्याची खूण दाखवत होता.

"काका, इथे घ्या ना. झकास जागा आहे."

"म्हणान तर नाय घेणार," म्हणत धाकूने दहा पावलं पुढे जाऊन छिन्नी मारली.

आकडा आला ब्याण्णव. नापास! आम्ही टाळ्या पिटल्या. धाकू मात्र रस्त्याच्या टोकाला थरथरणाऱ्या रोलरकडे बघत होता.

"बाळा, मी वाळू सोडली तेव्हा ह्यो चालू होतो?"

"होता की," रोलरवाला म्हणाला.

धाकूने आकड्यावर रेघ मारली. "रद्द. जमीन हलली की वाळू दबून बसते, जास्त मावते. माती आहे त्याहून सैल दिसते. रोलर थांबवायचं माझं काम. इसारलंय."

"काका, आकडा आपल्या बाजूचा आहे!" मी ओरडलो.

"तुझ्या बाजूचो आसा. खरो नाय."

रोलर बंद करून शेजारीच दुसरा खड्डा. साडेसत्त्याण्णव. पास.

"किती घेतलेस रे म्हाताऱ्या?" हे मीच बोललो, वीस माणसांसमोर. धाकूने वजनकाटा आवरला. देवेशने लगेच चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही. पलीकडे उलट्या बादलीवर बसून डबा खाल्ला आणि गेला.

संध्याकाळी माहिती अधिकारात मिळालेले चाचणीचे नियम काढले. दोन वर्षं ते माझ्या पिशवीत होते. स्पष्ट लिहिलंय: आसपास यंत्र चालू असताना वाळू सोडू नये.

चौथ्या दिवशी वरच्या टप्प्याची चाचणी होती. वस्तीतलं कुणी आलं नाही. विकलेल्या माणसाची चाचणी कोण बघणार? मीच ते पसरवलं होतं. दोन कटिंग चहा घेऊन गेलो. रोलर बंद होता. धाकू गुडघ्यावर, कान नळ्याशी. मी जवळ जायला लागलो तर मान वर न करता त्याने हात उचलला.

"लांब रव. वाळू पडतासा."

थांबलो. वाळू थांबली, वजन झालं, ओल मोजून झाली. त्र्याण्णव. देवेश फोन कानाला लावून तिथून सटकला. धाकूने सही ठोकली, रोलरवाल्या बाळाला सगळा पट्टा पुन्हा दाबायला लावला.

"काका, त्या दिवशी मी चुकलो. चहा घ्या."

"साइटवर कुणाचोच घेणंय नाय," तो म्हणाला. "सव्वीस वर्षां झाली. कुणी इचारूचाच सोडल्यानी."

बादली उचलून तो पुढच्या खुणेकडे चालू लागला. मी दोन्ही पेले धरून तिथेच.