मुक्या टेलरच्या घरी भरदुपारी

चहा गार झाला तरी चालंल, आधी माझी फजिती ऐकून घ्या. सत्तरी उलटली, पण अशी कधी झाली न्हाई.

नातीचं, पूजाचं लग्न तीन दिवसांवर आलं. तिचं लग्नातलं ब्लाऊज मंठ्याच्या मुक्या टेलरकडं, अन् त्याच्या दुकानाला दोन दिवस कुलूप. पोरगी रडून राह्यली. म्हणली, "आबा, त्याच्या घरी जा. ब्लाऊज घेतल्याबिगर परत येऊ नका. अन् पत्रिका पण द्या, नाव टाकून."

मी टाकलं. मुका टेलर, सहपरिवार.

"आबा, हे काय नाव आहे का?"

"वीस वर्षं झाली, पार त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडतो मी. ठार बहिरा आहे. त्याला कुठं कळतंय काय म्हणतो ते?"

तंबाखूचा बार भरला अन् निघालो.

भर दुपारी त्याच्या दारात पोहोचलो. दारासमोर चपलांचा ढीग, तीस-चाळीस जोड. एवढी माणसं घरात, अन् आवाज म्हणाल तर फक्त पंख्याचा. कुणी गेलं का काय? पण मयताच्या घरीबी बाया रडतात की हो.

बेल दाबली. वाजली न्हाई. खिडकीतून पाहतो तर आतला दिवा आपोआप पेटला, विझला, पेटला, विझला. बोट काढलं, थांबला. परत दाबली, परत तेच. मी चौथी शिकलेला माणूस, विजेतलं मला काय कळतं? पण अंगावर काटा आला.

दार ढकललं. खोली माणसांनी गच्च. जरीच्या साड्या, नवे शर्ट. सगळ्यांचे हात हवेत, बोटं भराभरा फिरून राह्यली, ओठ हलून राह्यले, अन् शब्द एक न्हाई. मला पाह्यलं तसे सगळे हात जागच्या जागी थांबले.

समोर टेलर उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहत कपाळापासून हनुवटीपर्यंत तळहात फिरवला, सावकाश. तोंड पुसल्यासारखा. मंग शेजारच्या बाईनं पुसलं. मंग तिच्या शेजारच्यानं. बघता बघता अख्ख्या खोलीनं माझ्याकडं बघत तोंडं पुसली.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "ही भुताटकी आहे का मुक्या-बहिऱ्यांचा बाजार?" म्हणलं, कुणाला ऐकू जातंय.

"मला जातंय, काका."

मागं टेलरची पोरगी, सविता, पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. म्हणली, "माझा साखरपुडा आहे. पाहुणे कर्णबधिर आहेत. बेल ऐकू येत न्हाई, म्हणून दिवा लावलाय. अन् मुकं इथं कुणीच न्हाई. सगळे बोलूनच राह्यलेत, तुम्हाला कळंना."

मंग तिनं ट्रे खाली ठेवला अन् मी बोललेला एकेक शब्द हातांनी सगळ्यांना सांगितला. वरून माझ्या हातातली पत्रिका घेऊन बापाला दिली.

टेलर वाचत राह्यला. नाव दोन शब्दांचं, वाचायला किती वेळ लागतो? खोली माझ्याकडं पाहून राह्यली. म्हणलं, गेलं ब्लाऊज. नातीला काय तोंड दाखवू?

"सविता, त्यांचं खरं नाव काय गं?"

"वीस वर्षं कपडे शिवून घेतले, आज विचारता? दिगंबर."

मी पेन मागितला. मुका खोडून दिगंबरराव लिहिलं. त्यांनी पाह्यलं, आत गेले, अन् पेपरात गुंडाळलेलं ब्लाऊज आणून माझ्या हातात ठेवलं.

जिवात जीव आला. गप निघायचं का न्हाई? पण माझं तोंड.

"सविता, ते तोंडं पुसायचं काय होतं? करणी-बिरणी?"

ती खाली पाहायला लागली. "आमच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, काका. ते तुमचं आहे. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"तोंड पुसणं? माझं नाव?"

"तुम्ही तोंडाशी येऊन ओरडता ना. तंबाखू भरून."

तिनं हेबी हातांनी सांगितलं. त्यावर दिगंबरराव हसले. ज्याला वीस वर्षं मुका म्हणलो तो माणूस एवढ्या मोठ्यानं हसला की मी दचकून चौकटीला आपटलो.

घरी येऊन सगळं बायकोला सांगितलं. म्हणलं, बघ, एवढ्या वर्षांत कुणी हे तोंडावर बोललं का?

तिनं पदर उचलला अन् सावकाश तोंड पुसलं.