पुढून मोटार, मागून टेम्पो

दीनानाथ खानविलकर आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. पासिर रिसच्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच, त्याचं आणि आमचं, त्यामुळे डब्यांची आणि पाहुण्यांची देवाणघेवाण गेली कित्येक वर्षं चालू आहे. माणूस बोलायला कंजूष. मूळचा रेवदंड्याचा. तिथे फायबरच्या होड्या बनवायच्या एका कारखान्यात तो विसाव्या वर्षी लागला आणि फायबरग्लासचं काम त्याच्या हातात असं बसलं की अठ्ठ्याण्णव साली सिंगापूरला आला तोही त्याच कामावर. सेम्बावांगकडच्या एका यार्डात जहाजांवरच्या लाइफबोटी दुरुस्त करायचा विभाग त्याच्याकडे होता. हाताखाली बावीस माणसं.

२०१६मध्ये तेलाचे भाव पडले, जहाजांची कामं आटली आणि तो विभाग बंद झाला. दीनानाथ तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याची बायको उल्का एका बँकेच्या चांगीतल्या कार्यालयात नोकरीला होती, मुलगी क्षिप्रा ज्युनियर कॉलेजात. घर अडलं नाही. पण दीनानाथ रोज पहाटे उठायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या दगडी बाकावर पेपर घेऊन बसायचा. मी ऑफिसला निघायचो तेव्हा तो पहिल्या पानावर असायचा. संध्याकाळी यायचो तेव्हा त्याने अर्ज किती केले हे विचारायचं धाडस होत नसे.

चार महिने असे गेले. मग एका सकाळी नवव्या मजल्यावरची वेंडी खाली आली. शाळेत खेळ शिकवणारी तरुण मुलगी. तिच्या काखेत नऊ-साडेनऊ फुटांचा सर्फबोर्ड होता, लाटेवर उभं राहून घसरायची ती लांब फळी, आणि त्याचं टोक लिफ्टच्या दारात सापडून चेचलं होतं. आतला पांढरा फोम दिसत होता. सिंगापूरच्या समुद्राला लाटा नाहीत, नुसती उभी जहाजं. म्हणून ही हौशी मंडळी नोव्हेंबर ते मार्च पूल ओलांडून मलेशियातल्या देसारूला जातात. त्या वर्षीचा मोसम आठवड्यावर आला होता. वेंडीच्या डोळ्यांत पाणी होतं.

दीनानाथने पेपर घडी करून ठेवला. बोटाने ती जखम चाचपली.

"पाणी गेलंय का आत?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नाही."

"मग रडतेस कशाला? हे होतं."

लोयांगच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याचं युनिट होतं. त्यातला कोपरा मागून घेऊन त्याने सहा दिवस काम केलं. वेंडीला बोर्ड परत मिळाला तेव्हा तिला सांधा सापडेना. तिने पाच मित्रांना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाकोणाला. वर्ष संपायच्या आत त्या कोपऱ्यात एका वेळी दहा-बारा बोर्ड भिंतीला टेकलेले दिसू लागले, आणि दीनानाथने स्वतःच्या नावाने धंद्याची रीतसर नोंदणी केली.

अडचण होती ने-आण करायची. एवढी फळी बसमध्ये घेत नाहीत, टॅक्सीत मावत नाही. काही लोक स्वतः आणून द्यायचे, काहींकडे गाडी नव्हती. आसपासचे बोर्ड दीनानाथ चालत नेऊ लागला. उजवा खांदा यार्डातल्या कामाने आखडलेला, काखेत धरवत नसे, म्हणून डोक्यावर.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी उल्का अर्धी सुट्टी घेऊन बसने घरी येत होती. नंतर तिने हे माझ्या बायकोला, सुचित्राला, आमच्या स्वयंपाकघरात उभ्याने सांगितलं.

"सिग्नलला बस थांबली. समोरून एक माणूस डोक्यावर ती भलीमोठी फळी घेऊन रस्ता ओलांडत होता. वारा आला की फळी फिरायची, आणि तिच्याबरोबर तोही अख्खा फिरायचा. बसमधल्या दोन मुली हसल्या. मलाही हसू आलं. मग त्याच्या पायांतल्या चपला दिसल्या. मीच आणलेल्या."

सुचित्राने गॅस बारीक केला.

"पुढचाच स्टॉप होता. मी बेल दाबली नाही. तीन स्टॉप पुढे जाऊन उतरले आणि चालत घरी आले. घरी ते आले तर काही बोललेच नाही मी. लिंबाचं सरबत करून दिलं फक्त."

बोलली ती दोन दिवसांनी, आणि एवढंच: "अहो, आपण गाडी घेऊ या."

सिंगापूरला येऊन एकोणीस वर्षं झाली, गाडी घ्यायची तिची इच्छा त्यातली अठरा वर्षं जुनी. दर वेळी दीनानाथ म्हणायचा, एमआरटीचं स्टेशन दाराशी आहे, गाडी कशाला? इथे गाडी घ्यायची म्हणजे आधी ती बाळगायचा परवाना घ्यावा लागतो आणि परवानाच गाडीहून भारी पडतो, हे खरंच होतं. या वेळी तो म्हणाला, "घेऊ. पण व्हॅन लागेल."

"व्हॅन? आणि मी ऑफिसला व्हॅनमधून जाऊ? टेक्काला भाजीला व्हॅन? मंडळाच्या गणपतीला नऊवारी नेसून व्हॅनमधून उतरू?"

"मग तुझ्या मोटारीच्या डिकीत बोर्ड कुठे घालू?"

दोन गाड्या घेणं शक्य नव्हतं. जी काही यायची तिने दोघांची कामं करायची होती. माझ्याकडे गाडी होती, म्हणून शनिवारी वापरलेल्या गाड्यांच्या दुकानांत त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या शनिवारी दीनानाथ खाली आला तेव्हा त्याच्या हातात पुठ्ठ्याच्या दोन घड्या होत्या. फ्रिजची खोकी कापून, चिकटपट्टीने जोडून त्याने साडेनऊ फुटी बोर्डाचा खऱ्या मापाचा नमुना बनवला होता, दुमडता येईल असा.

"जी गाडी याला घेईल ती आपली," तो म्हणाला.

उबी भागातल्या दुकानात पहिली पाहिली ती बंद व्हॅन. पुठ्ठा आत सरळ गेला, दार लागलं. मला वाटलं, झालं काम. दीनानाथ मात्र दार लावून आतच बसून राहिला. दोन मिनिटांनी घामाने निथळत बाहेर आला.

"उन्हात उभी केली तर भट्टी होते. आत बोर्ड ठेवला तर फोम फुगेल, वरचं फायबरचं कापड सुटेल. मी जोडून आणलेलं वाटेतच उकलायचं."

"एअरकॉन मस्त आहे," विक्रेता म्हणाला.

"बोर्ड काय एअरकॉन लावून बसणार?"

पुढच्या शनिवारी उल्काही आली. या खेपेला चार दारांचा, ट्रकच्या सांगाड्यावरचा उंच पिकअप होता. मागचा हौदा उघडा, हवा खेळती, बसायला पाच जागा. दिसायला रुबाबदार. उल्काने पायरीवर पाय ठेवला, वरचं हँडल धरलं, दोनदा झोका घेतला आणि चढली. "उतरताना पॅराशूट द्या," ती म्हणाली, पण तिला तो आवडत होता हे दिसत होतं. तेवढ्यात मागे दीनानाथने पुठ्ठ्याबरोबर एक खरा, आखूड बोर्डही उचलला. युनिटमधून मुद्दाम आणलेला. हौद्याचा काठ त्याच्या छातीच्या वर येत होता. बोर्ड अर्ध्यात गेला आणि त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. खांदा. त्याने ओठ दाबून धरले, बोर्ड तसाच चढवला आणि वळून म्हणाला, "छान आहे. पाच माणसं बसतात."

उल्का खाली उतरली होती. "हा नको," ती म्हणाली.

"का? तुला तर—"

"नको म्हटलं ना."

तिसरी गाडी काकी बुकितच्या एका आवारात, दोन लॉऱ्यांच्या मागे होती. आधी ती एका रोपवाटिकेकडे होती म्हणे, हौद्याच्या कोपऱ्यांत अजून माती होती. फिकट बदामी रंग. पुढून पाहिलं तर साधी मोटार: तेच नाक, तेच बुटकं आसन, तोच डॅशबोर्ड. दारामागे मात्र मोटार संपत होती आणि एक ठेंगणा उघडा हौदा सुरू होत होता. मोटारीच्याच सांगाड्यावर बनवलेला पिकअप. काठ दीनानाथच्या कमरेला लागत होता. त्याने पुठ्ठा तिरका ठेवला. दीड हात मागे बाहेर राहिला.

"चौकट करून केबिनच्या टपावर पुढचं टोक टेकवलं, तर बाहेर राहायचं नाही," तो स्वतःशीच म्हणाला. मग खरा बोर्ड ठेवून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा ठेवला. खांद्याने तक्रार केली नाही.

विक्रेत्याने किल्ली पुढे केली. दीनानाथ अजून फीत घेऊन हौदा मोजत होता. किल्ली उल्काने घेतली. पुण्यात असताना ती वडिलांची गाडी चालवायची. इथे आल्यावर लायसन्स बदलून घेतलं होतं, पण चालवायला गाडीच नव्हती. ती आत बसली, आसन पुढे ओढलं, आरसे नीट केले आणि आम्ही काही म्हणायच्या आत आवाराबाहेर गेली.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दीनानाथ फीत गुंडाळून फाटकाशी जाऊन उभा राहिला. पंचविसाव्या मिनिटाला बदामी गाडी वळणावर दिसली.

"कुठे गेली होतीस?"

"बेडोकपर्यंत." तिचे केस विस्कटले होते. काचा खाली करून चालवली होती. "अहो, मला वाटलं टेम्पोसारखी हादरेल. ही तर मोटारच आहे. मागे काय आहे ते विसरायलाच होतं."

व्यवहार जवळजवळ ठरला. घरी फोटो दाखवला तेव्हा क्षिप्राने मोबाइलवर बोटांनी तो मोठा करून पाहिला.

"बाबा, इट्स अ टू-सीटर, लाह. मी कुठे बसू?"

एवढी मोजमापं झाली, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण बोललं कोणी नव्हतं. दीनानाथने फोन खाली ठेवला. "मग नको."

"नो, नो, घ्या ना. मी बसने येईन. तसंही आपण तिघं एकत्र कुठे जातो?"

ती हे समजुतीने म्हणाली होती. टोमणा नव्हता. म्हणूनच बहुधा ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दीनानाथ क्षिप्राला म्हणाला, "गाडी घेऊ. पण रविवारी गाडी जागेवर राहील. रविवारी तिघांनी एमआरटीने जायचं, कुठेही. तू ठरवायचंस."

"एव्हरी संडे?"

"हो."

"वा लाव," क्षिप्रा इथल्या पोरांसारखी कुरकुरली, पण पहिल्याच रविवारी तिने त्यांना सेंगकांगच्या एका फूड कोर्टला लक्सा, नारळाच्या रश्शातल्या शेवया, खायला नेलं.

गाडी आली आणि दिनक्रम लागला. सकाळी उल्का ती घेऊन ऑफिसला जायची, तिच्या शेजारी दीनानाथ. वाटेत त्याला लोयांगला उतरवायची. दुपारी तो बसने तिच्या ऑफिसला जाऊन गाडी घेऊन यायचा, बोर्ड पोचवायचा, आणायचा, संध्याकाळी पुन्हा तिला घ्यायला हजर. मालवाहू गाडी म्हणून मागे ताशी सत्तरच्या मर्यादेचा स्टिकर होता. एक्स्प्रेसवेवर सगळे त्यांना मागे टाकून जायचे. उल्का म्हणायची, इतकी वर्षं शेजारी झोपून जेवढं बोललो नाही तेवढं त्या डाव्या लेनमध्ये बोललो. गणपतीला तिने गाडी थेट हॉलच्या दाराशी लावली. प्रबोध नावाचे बँकेतले एक गृहस्थ हसून म्हणाले, "वहिनी, टेम्पो बोलावला होता का कोणी?"

"सामान आणायचं असेल तर सांगा," उल्का पदर सावरत उतरली. "बुधवारी रिकामा असतो."

पुढच्या वर्षी मखराच्या फळ्या त्याच गाडीतून आल्या.

२०१८च्या मध्यावर यार्डातून फोन आला. कामं परत सुरू होत होती, विभाग पुन्हा उघडायचा होता, त्यांना जुना माणूस हवा होता. दीनानाथने आठवडाभराची मुदत मागितली. मला वाटलं, जाणार. पगार, हुद्दा, हाताखाली माणसं. पन्नाशीला आणखी काय हवं? एका संध्याकाळी तो गाडी धूत होता, मी बादली धरून उभा होतो.

"अठरा वर्षं लाइफबोटी केल्या," तो म्हणाला. "हजारेक तरी असतील. त्यातली एकही कधी खरोखर पाण्यात उतरली नाही. उतरू नये म्हणूनच देवाला हात जोडायचे. काम चांगलं झालं का, हे कधी कळायचंच नाही. शिक्का मारला की संपलं." त्याने फडकं पिळलं. "या पोरांचे बोर्ड महिन्याभरात परत येतात. फुटलेले. पण मी जोडलं तिथे फुटत नाहीत, दुसरीकडे फुटतात."

"म्हणजे नाही सांगणार?"

"सांगितलं. सकाळीच."

उल्काला विचारून सांगितलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, फोन तिनेच लावून दिला.

त्याच वर्षी डिसेंबरात वेंडीने त्या दोघांना देसारूला नेलं. दोन वर्षं बोर्ड सांधून देणाऱ्या माणसाने ते लाटेवर पाहिलेले नाहीत, हे तिला पटत नव्हतं. तिच्या मित्राच्या मोठ्या गाडीत जागा होती म्हणून सुचित्रा आणि मीही गेलो. ढग खाली आले होते, समुद्र मातकट होता आणि लाटा पुरुषभर उंच होत्या. वेंडी आत गेली. दोनदा पडली. तिसऱ्यांदा उभी राहिली आणि बराच वेळ, किनारा जवळ येईपर्यंत, उभीच राहिली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दीनानाथ पँट दुमडून गुडघाभर पाण्यात शिरला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. वेंडी धापा टाकत त्याच्यापर्यंत आली तेव्हा त्याने आधी तिच्या हातातून बोर्ड घेतला, टोक शर्टाने पुसलं, आणि बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवून कान लावून ऐकलं.

"अंकल, मी कशी होते?" तिने विचारलं.

"थांब," तो म्हणाला आणि आणखी एकदा वाजवून पाहिलं. मग बोर्ड तिच्या हातात दिला. "कोरडा आहे आतून. जा, आणखी एकदा जा. या वेळी तुझ्याकडे बघतो."