वडीगोद्रीची हिरवी गार आणि माझा उफराटा नवस

कॉलेजात दगड शिकवणाऱ्या माणसाला सुट्टीत काय सुचणार? दगडच. वडीगोद्रीच्या शिवारात विहीर खणताना हिरवी गार, म्हणजे हिरवा स्फटिक, दिसली, असं जालन्याचा एक ओळखीचा कापूसवाला पुण्यात येऊन सांगून गेला आणि माझी झोप उडाली. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारा पोत्याने मिळतात. हिरवी गार, आमच्या भाषेत हिरवं अपोफिलाइट, मात्र मी जन्मात हाताळली नव्हती. "लोक सुट्टीत माहूरला जातात, तुम्ही खड्ड्यात जा," म्हणत बायकोने दशम्या बांधून दिल्या.

हे १९५७ सालचं. मनमाडला गाडी बदलून जालना. जाणार असाल तर खिडकीशी बसू नका, इंजिनाची काजळी डोळ्यांत जाते. स्टेशनबाहेरची भजी झकास. पुढे अंबडपर्यंत मोटार आणि तिथून बैलगाडी. गाडीवानाने भाडं माझ्याकडून घेतलं आणि वर माझ्या पाठीकडूनही वसूल केलं.

विहीर आसारामची. पाच पुरुष खोल आणि ठणठणीत कोरडी. तळाशी, खडकाच्या पोकळीत ती बसली होती, मुठीएवढी, हरभऱ्याच्या घाट्यासारखी हिरवी. दुपारी तिथेच शेवटचा सुरुंग उडणार होता, म्हणजे तिचा भुगा. आसाराम म्हणाला, "हा एक बार, मंग बास. खर्चा झेपून न्हाई राह्यला."

"तुम्ही थकले म्हून पाणी थकलं व्हय?" काठावरून त्याची बायको कौसाबाई कडाडली.

मी छिन्नीने गार अलगद सोडवून वर आणली. आसारामला संशय आला. "मास्तर, हिरा-बिरा तर न्हाई ना?"

आता शिक्षक गप्प बसेल तर शपथ! वर्गात करतो तसा मी तिचा थोडा चुरा पिशवीतल्या काचेच्या नळीत घालून विहिरीजवळच्या कौसाबाईच्या चुलीवर धरला. चुरा फुलला, पांढरा पडला आणि नळीच्या वरच्या अंगाला थेंब जमले. मी ऐटीत म्हणालो, "बघा, हिऱ्याचं असं होत नाही. याच्यात नुसतं पाणी आहे, पाणी!"

कोरड्या विहिरीच्या काठावर असं बोलणारा शहाणा पृथ्वीतलावर मी एकटाच.

कौसाबाईने गार माझ्या हातातून काढून घेतली, शेंदूर लावला आणि नारळ फोडला. "दगडाच्या पोटात हाय, तर विहिरीच्या पोटात का न्हाई?" या पाण्याचा त्या पाण्याशी काडीचा संबंध नाही, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. शेवटी तिनेच निकाल दिला. "पाणी लागलं तर ही आमच्या विहिरीची आसरा, पाण्याची देवी. इथंच ऱ्हाईल. न्हाई लागलं तर बिलकुल तुमची."

मग तिने मला जेवायला बसवलं. गरम भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा. मी तिची भाकरी मोडत होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, एवढी एक विहीर कोरडी ठेव, पाच नारळ देईन. माझा देवावर विश्वास नाही. पण अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात, इथे गाढवच हरीचे पाय धरून बसलं होतं.

बार उडाला. धूर विरल्यावर आसाराम दोराने खाली उतरला. कौसाबाई काठावर पालथी पडून ओरडली, "ओल हाय का?"

"न्हाई."

"बराबर हात घालून बघा!"

बराच वेळ खालून नुसते दगड सरकवल्याचे आवाज आले. मग तो म्हणाला, "कौसे, कोरडं हाय गं."

ती उठली. गारेवरचा शेंदूर तिने पदराने पुसला आणि गार माझ्या हातात दिली. "न्या, मास्तर. एकाचं तरी काम झालं." वर वाटेसाठी दोन भाकरीही बांधून दिल्या. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी गार मी छातीशी घट्ट धरली होती. परतीच्या गाडीत त्या भाकरी मात्र मी फडक्यातून सोडल्याच नाहीत.

घरी बायकोने गार उजेडात फिरवून पाहिली. "अगंबाई, मिळाली की! मग सुतकी चेहरा कशाला?"

म्हटलं, "माझा नवस फळला."