कण दिसले नाहीत

निमजे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जरीपटक्याच्या बाजारात लेकीसाठी शाळेचे मोजे घेत होते. फोन काकूंचा, सरांच्या पत्नीचा. "सर गेले वं पोरी," एवढंच बोलल्या. मोजे दुकानातच राहिले... आज महिना झाला. रडून झालं, आता त्या माणसाचे उपकारच आठवत राहतात.

सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. उमरेडच्या कोष्ट्याच्या घरचे, वडील सूत रंगवायचे. आमचं काम ठरावीक प्रकाशात चमकणाऱ्या नॅनोकणांवर होतं. असे कण शरीरात सोडून आजार शोधता येईल ही आशा, पण गरोदर बाईच्या पोटातल्या गर्भाला ते बाधतील का, हा प्रश्न. म्हणून आधी झेब्रा माशांच्या पारदर्शक अंड्यांवर पाहायचं. चौथ्या दिवशी अंड्यांतून निघालेल्या पिलांमधली चमक गेली. मी खुशीत वहीत लिहिलं, 'कण नाहीत. सुरक्षित.' झाला प्रबंध, असंच वाटलं मला.

सरांनी वही वाचली, मग माझ्या हातांकडे पाहिलं. "सुरक्षित म्हणून राहिली, त मंग दोन-दोन हातमोजे काहून घालून राहिली वं?"

मला तिसरा महिना होता. नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. कळलं तर काम थांबेल, वर्ष वाया जाईल, ही धास्ती. त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. लाल पेन्सिल घेऊन त्यांनी माझ्या ओळीत एक शब्द घुसवला, 'कण दिसले नाहीत', आणि 'सुरक्षित' खोडलं. "माहा बाप रंगाचं पाणी अंगणात फेके. दिसेनासं झालं का म्हने, गेलं. गेलं कुठी? आमच्याच विहिरीत... उद्यापासून कण तोलाचं काम माहं. तू लिही."

निवृत्तीला आलेला, पाठदुखीनं वाकलेला माणूस. पण मी बाळंतपणाला जाईपर्यंत कण त्यांनीच तोलले, पूड हवेत उडते म्हणून मला तोलायच्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नाही. मी चिडायची. एकदा तोंडावर म्हटलं, सर, तुम्ही फारच भिता. "भेतो न वं," ते म्हणाले, "पोट तुहं, हिंमत मी कशी करू?"

दुसऱ्या पद्धतीनं तपासलं तेव्हा कण पिलांच्या अंगातच सापडले. फक्त चमक विझली होती. पिलं छान पोहत होती, तरी सरांनी 'सुरक्षित' लिहू दिलं नाही. "पोहून राहिले, तेवढंच लिही." प्रबंध वर्षभर लांबला आणि तो पुरा होण्याआधीच मुक्ता जन्मली, ठणठणीत. त्या कणांनी तिला काही झालं असतं का, मला आजही माहीत नाही. माहीत नसताना कुणीतरी माझं काम स्वतःच्या अंगावर घेतलं, यासाठी मी सरांना रोज हात जोडते.

तेरवीनंतर काकूंनी ती लाल पेन्सिल मला दिली, बोटभर उरलेली. आता विद्यार्थ्यांच्या वह्या मी तिनंच तपासते. परवा मी अशीच वही घेऊन बसले असताना मुक्ता जवळ आली.

"आई, निमजे आजोबा आता नाहीत ना?"

पेन्सिल हातातच होती... "दिसत नाहीत," मी म्हटलं.