आमच्या पायरीवरचा आवाज

घरच्या मैदानावर आम्ही तीन विरुद्ध एक असे हरलो. साखळी सामना होता, अजून दोन सामने शिल्लक होते, म्हणजे सगळंच संपलं होतं असं नाही. लाउडस्पीकरवरचा माणूस ‘दहा हजार फुटबॉलप्रेमी’ म्हणत होता. तसं काही नव्हतं. सावलीतला स्टँड भरला होता, समोरच्या उन्हातल्या पायऱ्यांवर माणसं तुरळक होती, आणि गोलमागं मोटारसायकलींवर टेकून उभी राहिलेली पोरं होती. तीन हजार म्हटलं तरी सढळ हातानं म्हटल्यासारखं होईल. माझी नोकरी हिशेबाची, त्यामुळं मोजायची खोड मैदानावरही सुटत नाही.

पूर्वी त्या गोलमागं हलगीवाले बसायचे. आपली चाल सुरू झाली की हलगी चढायची, चेंडू गेला की उतरायची. डोळे मिटून बसलं तरी खेळ कळायचा. या वर्षी संयोजकांनी मोठे स्पीकर लावले. त्यावर गाणी, मध्येच मान्यवरांचं स्वागत, मध्येच कुणाची तरी गाडी गेटात आडवी लागल्याची सूचना. गाणं थांबलं की मैदान एकदम गप्प व्हायचं, आणि त्या गप्पपणात एखाद्यानं दिलेली शिवी पलीकडच्या रेषेपर्यंत ऐकू जायची.

आम्ही चौघं बरीच वर्षं एकाच पायरीवर बसतो. मी, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दुचाकीचं गॅरेज असलेला एक जण आणि माझ्याच ऑफिसातला मित्र. मित्र मूळचा मंद्रूपचा. ऑफिसात तो नीट कागदी मराठी बोलतो, मैदानावर आला की गावाकडची भाषा बाहेर येते. पायरीवर कुणाचीही गय करायची नाही, हा नियम त्याचाच. एकदा गार्डसाहेबांचा भाचा गोलकीपर होता आणि त्याच्या हातून चेंडू निसटला, तेव्हा याच मित्रानं गार्डसाहेबांच्या शेजारी उभं राहून त्याचा उद्धार केला होता. गार्डसाहेब पुढच्या दोन सामन्यांना आले नाहीत. नंतर आले, आणि नियम तसाच राहिला.

त्या रविवारी मित्र उशिरा आला. डोक्यावर टोपी होती, एरवी नसते. बसल्या बसल्या म्हणाला, “आज पोरगं हाय संघात. लेफ्ट बॅक.”

मला माहीत नव्हतं. त्याचा मुलगा पॉलिटेक्निक संपवून नोकरी शोधत होता, आणि संघात राखीव खेळाडू होता. नेहमीच्या लेफ्ट बॅकचा घोटा सुजला म्हणून प्रशिक्षक सरांनी याला घेतलं होतं. पहिल्या अकरांत येण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

“मग सांगायचं की,” मी म्हणालो.

“घरी मी मंद्रूपला जातो म्हनून सांगितलंय. मी हितं हाय कळलं तर त्याचे पाय आकडतील. मोकळं खेळू दे.”

मुलगा उजव्या पायाचा. डावीकडं चेंडू आला की तो आत वळायचा आणि तेवढ्यात समोरचा विंगर रेषेकडून निघून जायचा. त्यातून पहिल्या अर्ध्यात काही गोल झाला नाही. गोल झाला तो कॉर्नरवर, आमचा गोलकीपर पुढं येऊन मध्येच थांबला तेव्हा. पण डावी बाजू गळतेय हे सगळ्यांना दिसत होतं. आमच्या मागं कॉलेजची पोरं बसली होती.

“ए, हा लेफ्ट बॅक कुणी आणला रे?”

“वशिल्याचं तट्टू असणार. बाप कुठंतरी कमिटीवर असेल बघ.”

आम्ही कुणीच मागं वळलो नाही. गार्डसाहेबांनी चष्मा काढून पुसला. गॅरेजवाला, ज्याला शिवी दिल्याशिवाय खेळ दिसत नाही, तो खाली मान घालून शेंगा फोडत बसला. उजव्या बाजूच्या खेळाडूचा पास चुकला की आम्ही ओरडत होतो. डावीकडं चेंडू गेला की गप्प.

मध्यांतरानंतर मित्राला ते सहन होईना.

“तुमी गप का बसलाय?”

“कोण गप बसलंय?” मी म्हणालो.

“समदेच. दुसऱ्याचं पोरगं आसतं तर गार्डसायबांनी एव्हाना त्याला गाडीत घालून वाडी जंक्शनला पोचवलं आसतं.”

“अहो, पहिलाच सामना आहे त्याचा,” गार्डसाहेब म्हणाले. “शिकेल.”

“तुमच्या भाच्याला मी शिकू दिलं न्हवतं. माज्या पोराला सवलत नको.”

“सवलत नहीं रे बाबा,” गॅरेजवाला म्हणाला, “बच्चा है.”

हे बच्चा म्हणणंच त्याला लागलं असावं. तेवढ्यात चेंडू पलीकडच्या बाजूला थ्रो-इनसाठी गेला होता. मुलगा आमच्या बाजूच्या रेषेजवळ कमरेवर हात ठेवून उभा होता. गाणं थांबलं, निवेदकानं पुढच्या सूचनेसाठी श्वास घेतला, आणि माझा मित्र उठून उभा राहिला.

“आरं ए! झोपलास काय रं? घरला जाऊन झोप की! लोकाची जागा कशाला आडवून धरलीस!”

मुलाची मान वळली. नुसती आवाजाकडं नव्हे, स्टँडभर शोधत वळली. पहिल्या पायरीपासून वर, वर. थ्रो घेतला गेला होता, एक लांब पास इकडं आला आणि विंगर त्याच्या पाठीमागून निघून गेला. पुढं क्रॉस, आणि गोल.

गोल त्यामुळंच झाला असं मी म्हणणार नाही. मान वळली नसती तरी तो विंगर आमच्या मुलापेक्षा वेगवान होता, आणि मधल्या दोघांनी क्रॉस सोडला ती त्यांची चूक. पण मान वळली हे मी पाहिलं. मित्रानंही पाहिलं. तो काही वेळ तसाच उभा राहिला. मागची पोरं “बसा ओ काका” म्हणाली तेव्हा बसला. नंतर आम्ही पेनल्टीवर एक गोल फेडला, बरोबरीसाठी सगळे पुढं गेले आणि शेवटी रिकाम्या मैदानातून तिसरा गोल खाल्ला.

सामन्यानंतर गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर सगळे जमतात. आमचे सर एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. हरो वा जिंको, ते गाड्यावर येतात, उभ्यानं एक चहा घेतात आणि ज्याला जे बोलायचं ते बोलू देतात. सगळं ऐकून घेतल्यावर दोन-चार गोष्टी विचारतात आणि जातात. एवढी वर्षं त्यांनी हे टाळलेलं मी पाहिलेलं नाही.

“सर, गोलकीपर को पेन्शन दे दो अब,” गॅरेजवाल्यानं सुरुवात केली. “कॉर्नर पे ऐसा निकल्या जैसे हैदराबाद की बस छूट री है.”

लोक हसले. सरही थोडे हसले.

“आणि आधी ते स्पीकर बंद करा,” गार्डसाहेब म्हणाले. “गोलकीपर ओरडतोय ते बॅकला ऐकू जाईना. आपल्याच मैदानावर आपलीच पोरं बहिरी. पाहुण्यांना काय, ते खुणा करून खेळत होते.”

“स्पीकर माझ्या हातात नाहीत, गार्डसाहेब. जाहिरातवाल्यांचे आहेत.”

“हलगीवाल्यांना तरी परत बोलवा.”

“बोलावलं होतं. स्पीकरपुढं आमचं काय काम, म्हणाले.”

तेवढ्यात ती कॉलेजची पोरं पुढं सरकली.

“सर, ते राहू द्या. दुसऱ्या गोलच्या वेळी लेफ्ट बॅक पब्लिकमध्ये काय बघत होता?”

“गर्लफ्रेंड आली असेल.”

“मैदानात उतरलाय का लग्नात आलाय?”

सर म्हणाले, “मलाही तेच कळलं नाही. मी विचारलं त्याला. काही नाही सर, म्हणाला. खरं तर चित्त ठेवून खेळणारं पोरगं आहे.”

मी माझं म्हणणं मांडलं. तीन गोलांतला पहिला गोलकीपरचा, तिसरा सगळे पुढं गेले म्हणून झालेला. एक गोल त्याच्या बाजूनं, तोही एकट्याचा नव्हे. आणि उजव्या पायाच्या मुलाला डावीकडं उभं करणं हा काही त्याचा निर्णय नव्हता.

“तुम्ही बेरीज करत बसा, साहेब,” एक पोरगा म्हणाला. “आपण हरलो.”

सरांनी मात्र मान हलवली. “डावीकडं दुसरं कोण होतं, सांगा. एक जखमी. दुसऱ्याला अर्धा तास पळवत नाही.” मग ते माझ्या मित्राकडं वळले. त्यांना वाटलं, हा शिष्टाचार आहे. “तुम्ही वडील आहात. मीही तुमचं ऐकतो, सगळ्यांना माहीत आहे तुम्ही कुणाची बाजू घेत नाही. पुढच्या सामन्याला ठेवू का?”

‘वडील’ हा शब्द ऐकून ज्यानं गर्लफ्रेंड म्हटलं होतं तो मागं सरकला. मित्राच्या हातात कागदी कप होता, त्याची कड तो दाबत होता. ‘हाक मी मारली’ एवढं एक वाक्य त्यानं बोलायचं होतं. ते त्यानंच बोलायला हवं होतं, म्हणून मी थांबलो.

“काढा,” तो म्हणाला.

“का पण? मी तर म्हणतो अजून एकदा बघू.”

“ज्याचं ध्यान पब्लिककडं, त्यो काय खेळनार. काढा.”

“भाई, तू भी ना,” गॅरेजवाला पुटपुटला. सरांनी चहा संपवला, “बरं” म्हणाले आणि गेले.

जुळे सोलापूर भागात आम्ही दोघं जवळजवळच राहतो. तो माझ्या स्कूटरवर मागं बसला होता. मी विचारलं, “सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? बापानं हाक मारली म्हनून बघितलं, आसं? मंग बापाच्या जिवावर खेळतंय म्हनले आसते. जलमभर तेच चिकटलं आसतं त्याला.”

“आणि घरी?”

“घरी मी मंद्रूपला हाय.”

आमच्या वळणाच्या अलीकडं एक बाई रस्त्याकडेला हरभऱ्याचे डहाळे विकत बसली होती. त्यानं मला थांबायला लावलं, दोन जुड्या घेतल्या, टोपी काढून माझ्या डिकीत टाकली, आणि रानातून आल्यासारखा डहाळे काखेत मारून गल्लीत शिरला. मला हसू आलं नाही.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी त्याचा मुलगा माझ्याकडं आला. घरात ये म्हटलं तर नको म्हणाला, गेटापाशीच उभा राहिला. गाडी बंद केली नव्हती.

“काका, अप्पा रविवारी मंद्रूपला गेले होते ना?”

मी गेट उघडून बाहेर आलो.

“डहाळे आणले त्यांनी,” तो म्हणाला. “रानात या वर्षी सगळी ज्वारी आहे. मीच पेरायला गेलो होतो. म्हटलं, शेजारच्यांनी दिले असतील.” मग म्हणाला, “मैदानावर मला एकदम अप्पांचा आवाज आला. सकाळी मला उठवतात त्याच शब्दांत. मला वाटलं भास झाला. म्हणून बघितलं.”

गर्दीत कुणाचा आवाज कुणाला कळतो, असं म्हणता आलं असतं. तो ते ऐकायलाच आला होता असंही मला वाटलं. पण त्यानं सरळ विचारलं होतं, आणि खोटं सांगितलं असतं तर पुढं आयुष्यभर स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवू नकोस असंच त्याला सांगितल्यासारखं झालं असतं.

“माझ्या शेजारी बसले होते,” मी म्हणालो. “तू मोकळा खेळावास म्हणून घरी सांगितलं नव्हतं. तुला बघायलाच आले होते.”

त्यानं मान हलवली. ते त्याला पटलं की नाही, कळलं नाही.

“आणि सरांना काढा म्हणून कोण म्हणालं? सर काही सांगत नाहीत.”

“तेच.”

गाडीचं इंजिन चालू होतं. त्यानं एकदा अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि सोडला.

“बरोबर आहे त्यांचं,” तो म्हणाला. “बघायला नको होतं मी.”

मी त्याला तीन गोलांचा हिशेब सांगू लागलो. त्यानं तो आदरानं शेवटपर्यंत ऐकला, “येतो काका” म्हणाला आणि गेला.

राहिलेल्या दोन सामन्यांत एक बरोबरी, एक हार. सुजलेल्या घोट्याचाच लेफ्ट बॅक पट्टी बांधून खेळला. सरांनी मुलाला राखीव म्हणून बोलावलं होतं, पण त्यानं स्वतःच नको म्हणून कळवलं. उन्हाळ्यात पुण्याला एका कारखान्यात त्याला नोकरी लागली.

मी काय सांगितलं ते मित्राला घरी कळलं की नाही, ठाऊक नाही. त्यानं कधी विचारलं नाही, मीही बोललो नाही. तो पायरीवर येतो, आमच्यातच बसतो. आता उभा राहत नाही. मागून कुणी पोरं एखाद्या खेळाडूला बोलायला लागली की तो मागं वळून त्यांच्याकडं बघतो, ती गप्प होईपर्यंत बघतो, आणि पुन्हा पुढं तोंड करतो. गॅरेजवालाही हल्ली दबकून शिव्या देतो. पायरीवर पूर्वीसारखी मजा नाही, असं गार्डसाहेब म्हणतात.

मागच्या सामन्याला मध्यांतरात मी त्याला विचारलं, “पुण्यात खेळतो का रे पोरगा?”

“कंपनीचं मैदान हाय म्हनं तितं. मोठं हाय.”

“खेळतो का पण?”

खेळाडू पुन्हा मैदानात येत होते. तो त्यांच्याकडं बघत होता.

“इचारलं न्हाय,” तो म्हणाला.